दुसऱ्या सहीची जागा

चँडलर, ॲरिझोना
१९ जानेवारी २०२५

प्रिय विवेक,

जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून देशील, असं तुझी कांतावहिनी म्हणाली. मी म्हटलं, टाकणार नाही. हाताने लिहिलेली पत्रं हल्ली येतच नाहीत, त्यामुळे ती टाकून देण्याची माणसाची सवय मोडली आहे. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, फोन उचलत नाहीस, तेव्हा टपालाशिवाय मार्ग नव्हता. जर्सी सिटीचा तुझा पत्ता कांताने दिला. तिच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही.

बातमी अशी की, मी राजा झालो आहे.

हसून घे. आता पुढचं वाच. नोव्हेंबरात आपल्या समता मंडळाची सर्वसाधारण सभा झाली. १९९९ साली आपण चार कुटुंबं होतो, आज एकशे सत्तर आहेत, आणि अध्यक्ष पहिल्या दिवसापासून मीच. तरुण मंडळींनी निवडणूक मागितली. तूही एकदा मागितली होतीस, तेव्हा मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. तेच उत्तर पुन्हा दिलं: मंडळ मी उभारलं, नोंदणी माझ्या नावावर आहे, मी गेलो तर नावही माझ्याबरोबर जाईल. पूर्वी या वाक्यानंतर सभा चहाला उठायची. या वेळी अर्धा हॉल उभा राहिला आणि कोणी चहाला गेलं नाही.

तेवढ्यात जागृती पुढे आली. भाषण विसरल्यावर तुझं बोट धरून रडणारी ती लहान पोर तुला आठवत असेल. आता ती इथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. तिने मंडळाची नवी घटना लिहून आणली होती. म्हणाली, काकांना काढायचं नाही आणि काकांचं चालवायचंही नाही, यावर जगात एक जुना उपाय आहे. इंग्लंडमध्ये आहे, स्वीडनमध्ये, जपानमध्येही आहे. राजा गादीवर असतो, कारभार निवडून आलेले लोक करतात.

मी ताडकन उठलो. म्हटलं, बाबासाहेबांच्या लेकरांनी राजा बसवायचा? तुम्हाला लाज वाटत नाही? तर ती शांतपणे म्हणाली, "काका, आपल्या राष्ट्रपतींची जागा इंग्लंडच्या राजासारखीच आहे, हे बाबासाहेबांनीच घटना समितीत सांगितलंय. तो देशाचा हेड, कारभाराचा नाही." आणि तिने छापील पान पुढे केलं.

विवेक, बाबासाहेबांचं नाव घेऊन मी पंचवीस वर्षं लोकांना गप्प केलं. तेच औषध मला पाजलं गेलं, आणि लागू पडलं.

थोडक्यात माझं राज्य असं. मी तहहयात प्रमुख. मला मत नाही. कार्यवाह निवडून येतो, म्हणजे जागृती आली, आणि सगळे निर्णय तिच्या समितीचे. प्रत्येक ठरावावर माझी सही लागते, पण तिच्याखाली कार्यवाहाची सही नसेल तर माझ्या सहीला किंमत नाही. जिची सही खाली, तिने जाब द्यायचा. मला हक्क तीनच: मला विचारलं जावं, मी धीर द्यावा आणि मी सावध करावं. दर गुरुवारी जागृतीने घरी येऊन मला सगळं सांगायचं, आणि तिथलं बोलणं बाहेर जायचं नाही.

नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, असं मंडळातला आपला प्रताप म्हणतो. म्हणू दे. गादी सांभाळायलाही अंगात काहीतरी लागतं, आणि ते माझ्यात आहे.

तुला कळवतो अशासाठी की, यातलं अर्धं तूच २०१८ साली मागत होतास. फक्त वेळ चुकलास. हॉलची ती भानगड तुझ्या हातून झाली आणि आठव्या दिवशी तू निवडणुकीची मागणी केलीस. मग समितीतून तुझं नाव कमी करण्यावाचून मला इलाज राहिला नाही. असो. मी ते विसरलो आहे. तूही विसर.

तुझा,
भानुदास मेश्राम
संस्थापक व प्रमुख, समता मंडळ, चँडलर


चँडलर
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय विवेक,

जय भीम. तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे वाचलंस.

काल सहावा गुरुवार झाला. साडेपाचला जागृती कॉलेजातून परस्पर येते. कांता तिला चहा देते, मला म्हणते, "चला महाराज, दरबार भरवा," आणि मागच्या अंगणात लिंबाला पाणी घालायला जाते. घटनेप्रमाणे तिथे तिसरं माणूस चालत नाही. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात मंडळाचे निर्णय झाले आणि ते मी केले. आता त्याच टेबलाशी बसून मी ऐकतो. पहिल्या गुरुवारी फार जड गेलं. दुसऱ्या गुरुवारी मी बिस्किटं जास्त खाल्ली.

पहिली परीक्षा झाली ती मुलांच्या भाषणांवरून. जयंतीला मुलांनी इंग्रजीत बोललं तरी चालेल, असं समितीच्या मनात आलं. मी सावध करण्याचा हक्क पुरेपूर वापरला. भाषा गेली की माणूस जातो, हे पंधरा मिनिटं सांगितलं. जागृतीने शब्द न् शब्द लिहून घेतला, समितीपुढे वाचला, आणि ठराव सात विरुद्ध दोन मतांनी मंजूर होऊन माझ्या टेबलावर आला. मी पेन हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "काका, तुमचं ऐकलं गेलं. आता साइन करा."

केली. आणि तुला खरं सांगतो, गेल्या रविवारी सराव पाहिला. आन्या म्हणून दहा वर्षांची पोर आहे. पूर्वी तिची आई मराठी भाषण रोमन लिपीत लिहून द्यायची आणि ती पाढे म्हटल्यासारखं म्हणून मोकळी व्हायची. या वेळी महाडच्या तळ्याबद्दल इंग्रजीत बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिने मला विचारलं, "आजोबा, बट हू ओन्स वॉटर?" पंचवीस वर्षांत मला कोणत्याही मुलाने प्रश्न विचारला नव्हता. जागृतीला हे मी सांगितलेलं नाही. राजाने लगेच मत बदलू नये.

प्रतापचीही गंमत ऐक. निवडणुकीत तो हरला. पूर्वी हरलेला माणूस आपल्याकडे फुटीर ठरायचा आणि त्याला जेवणाचं आमंत्रण जात नसे. फुटीर हा शब्द मंडळात मीच रुजवला, हे मान्य. आता प्रतापला घटनेनेच पहिल्या रांगेत खुर्ची दिली आहे. समितीच्या प्रत्येक प्रस्तावावर पहिलं उत्तर त्याचं. समितीच्या विरोधात बोलून मंडळाशी निष्ठावंत राहता येतं, असं जागृती शिकवते. तो बोलायला उठला की मी डोळे मिटतो, पण ऐकतो.

मला सर्वांत आवडलं ते कलम नऊ. प्रमुखाकडून चूक होऊ शकत नाही. राजाला मी देव केलं असं समजू नकोस. तो स्वतःच्या मनाने काहीच करत नाही, म्हणून चूक त्याची ठरत नाही. जो सल्ला देतो आणि खाली सही करतो, दोष त्याच्या पदरात. राजा मोकळा. किती शहाणपणाची सोय आहे बघ. मी हे कलम मोठ्याने कांताला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंडळात हे सात वर्षांपूर्वीच लागू झालं होतं."

मी विचारलं नाही तिला काय म्हणायचं ते. आपली जुनी कॅमरी गाडी २०१९ साली विकली, तेव्हा डॅशबोर्डचा खण तिनेच रिकामा केला होता. का कोण जाणे, काल मला तेच आठवत राहिलं.

तुझा,
भानुदास मेश्राम
संस्थापक व प्रमुख


चँडलर
२१ मार्च २०२५

विवेक,

आज जय भीमनंतर थेट मुद्द्यावर येतो, कारण डोकं तापलं आहे.

काल जागृती एक ठराव घेऊन आली. समितीने जुनी कागदपत्रं चाळली. २०१८ साली तुझं नाव कमी केलं, त्याला सभेची मंजुरी नव्हती, तुझी बाजू कोणी ऐकली नव्हती, इतिवृत्तात फक्त माझी सही आहे. तेव्हा ते काढणं अन्यायाचं होतं आणि मंडळाने तुझी जाहीर माफी मागावी, असं एकमताने ठरलं. एकमताने, म्हणजे प्रतापसुद्धा. ती माफी १२ एप्रिलच्या जयंती कार्यक्रमात मागायची, प्रमुखाच्या भाषणात.

भाषणाची आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली. इंग्लंडात संसदेचं अधिवेशन सुरू होतं तेव्हा राजा मुकुट घालून भाषण करतो, "माझं सरकार हे करील, ते करील." त्यातला एक शब्दही त्याचा नसतो. सरकार लिहून देतं, तो वाचतो. आपल्या घटनेतही तसंच आहे. म्हणजे तुझी माफी समितीने लिहायची आणि माझ्या तोंडून वदवायची.

मी सावध केलं. म्हटलं, जुनी मढी उकरू नका. त्या वर्षी जयंतीच्या दिवशी दोनशे माणसं शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हात उभी होती, हॉलला कुलूप होतं, बायकांच्या हातात भाजीचे ट्रे होते आणि बाबासाहेबांचा फोटो आपल्याला एका गाडीच्या बॉनेटवर ठेवावा लागला. वंदना तिथेच झाली. जाब कोणाला विचारायचा? बुकिंगचं काम विवेककडे होतं. आणि मी काही खोटं बोललो नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हो भाऊ, माझ्याकडून राहिलं." दोनशे साक्षीदार आहेत.

जागृतीने तेही लिहून घेतलं. मग विचारलं, "काका, बुकिंगच्या फॉर्मवर तेव्हा दोन सह्या लागायच्या ना? अर्जदाराची आणि अध्यक्षांची?"

मी म्हटलं, लागत असतील. सात वर्षांपूर्वीचा फॉर्म, तो कुठे गेला कोणाला ठाऊक.

ती उठली. कप सिंकमध्ये ठेवून आली. मी म्हटलं, मी सही केली नाही तर? तेव्हा ती म्हणाली, "मग कमिटी राजीनामा देईल किंवा तुम्ही द्याल. राजाने नाही म्हटलं की दोघांतलं एक जातं. म्हणून तो म्हणत नाही." हे तिने धमकी म्हणून सांगितलं नाही, वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्याचाच राग आला.

ती गेल्यावर कांताला म्हटलं, उद्या लिहून देतो, मला नको ही गादी. कांता म्हणाली, "गादी सोडा नाहीतर धरा. आधी विवेकचं बघा." मग तिने सांगितलं की तू तिला दर महिन्याला फोन करतोस. सात वर्षं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू फुलं पाठवली होतीस, ती शेजाऱ्यांची म्हणून माझ्यासमोर टेबलावर होती. आणि तू परवा म्हणालास म्हणे, "भाऊंना सांगा, पत्रं मिळतात."

एवढंच? पत्रं मिळतात?

सही मी आज सकाळी केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लोक माझ्याबद्दल म्हणतात, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात केली. वाचेन मी भाषण. स्वल्पविरामासकट वाचेन.

भानुदास मेश्राम
संस्थापक व प्रमुख


चँडलर
१३ एप्रिल २०२५

प्रिय विवेक,

जय भीम.

तुला आमंत्रण होतं, तू आला नाहीस. बरोबर केलंस. काल काय झालं ते क्रमाने सांगतो आणि या वेळी काही सोडत नाही.

कार्यक्रम त्याच शाळेच्या हॉलमध्ये झाला. हॉल उघडा होता. मी भाषण वाचलं, एका पानाचं. "माझ्या समितीने ठरवलं आहे," अशी त्याची वाक्यं होती. चौथ्या परिच्छेदात तू होतास: "२०१८ साली कार्यपद्धतीतील त्रुटींमुळे सभागृहाचं आरक्षण होऊ शकलं नाही. त्याची जबाबदारी श्री. विवेक यांच्यावर टाकणं व त्यांना समितीतून वगळणं अयोग्य होतं. मंडळ त्यांची माफी मागत आहे." वाक्य संपलं आणि हॉल टाळ्यांनी भरून गेला. लोक उभे राहिले. मला वाटलं, तुझ्यासाठी. नंतर जेवणाच्या रांगेत एकेक जण येऊन माझा हात हातात घेऊ लागला. भाऊ, काय मोठं मन. भाऊ, ही वाक्यं तुम्हीच म्हणू जाणे. प्रतापच्या डोळ्यांत पाणी होतं. आन्याच्या आईने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, आपल्यात पडत नाहीत तरी.

तुझ्यावरच्या अन्यायाचंही श्रेय मला मिळालं, विवेक. हातात ताट होतं म्हणून उभा राहिलो, नाहीतर तिथून पळालो असतो.

त्या कागदात खोटं काही नव्हतं. जागृतीला जेवढं माहीत तेवढं तिने प्रामाणिकपणे लिहिलं. पण कार्यपद्धतीतील त्रुटी म्हणजे मी. हे तिला माहीत नव्हतं. मला होतं, कांताला होतं आणि तुला पहिल्या दिवसापासून होतं.

जानेवारी २०१८. तू फॉर्म भरून, तुझी सही करून घरी आणून दिलास, कारण माझ्या सहीशिवाय मंडळाचा एक कागद हलायचा नाही, हा नियम माझाच. मी तो कॅमरीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवला. मला त्याहून मोठा हॉल बघायचा होता, स्टेज रुंद असलेला, मी मधोमध दिसेन असा. बघायला मी कधी गेलोच नाही. तू दोनदा विचारलंस, भाऊ, फॉर्म गेला ना? दोन्हीदा मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी बघतो. मग विसरलो. पार्किंग लॉटमध्ये दोनशे माणसं माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा मला तो खण आठवला. गाडी दहा पावलांवर होती. त्याच गाडीच्या बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो होता. आणि मी वळून तुझं नाव घेतलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. तू एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच संपलो असतो. तू म्हणालास, हो भाऊ, माझ्याकडून राहिलं. मला वाचवलंस. आणि पुढे कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून आठ दिवसांनी निवडणूक मागितलीस, तर मी तुलाच काढलं. कारण तुला माहीत होतं, आणि ते माहीत असलेला माणूस मला समोर सहन होत नव्हता. चोराच्या मनात चांदणं. यात कोणतीही कार्यपद्धती नव्हती.

काल स्टेजवर कागद संपला तेव्हा हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. माइक समोर होता. मी बोललो नाही. भीती होती का? होती थोडी. पण खरं कारण दुसरं. ते भाषण मंडळाचं होतं. त्यात मी माझं घुसडलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, भानुदास आला आणि सगळं त्याच्याभोवती फिरलं. पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे वाचले, आणि जागेवर जाऊन बसलो. त्याचा मला अभिमान आहे.

आज सकाळी जागृतीला बोलावलं. गुरुवार नसताना ती आली. सगळं सांगितलं. कांता अंगणात गेली नाही, मीच तिला थांबवलं. मी म्हटलं, हे इतिवृत्तात लिही, चूक भानुदासची. जागृतीने वही उघडली आणि पुन्हा मिटली. मग म्हणाली, "काका, नाही लिहिता येणार. कलम नऊ. प्रमुखाकडून चूक होत नाही."

मी हसलो, विवेक. इतकं हसलो की कांताने पाण्याचा ग्लास पुढे केला. ज्या कलमावर मी खूश होतो त्यानेच मला बांधून ठेवलं. ज्याच्याकडून चूक होत नाही, त्याला माफीही मागता येत नाही. त्याच्यासाठी दुसरे मागतात आणि टाळ्या त्याला मिळतात.

तेव्हा मी तिथेच एक ओळ लिहून तिच्या हाती दिली. प्रमुखपद सोडतो, साधा सभासद राहू इच्छितो. तेही माझ्या मनाने होत नाही म्हणे, समितीने स्वीकारावं लागतं. २४ तारखेला बैठक आहे. जागृती म्हणाली, ती स्वतः मांडेल, आणि पद सुटलं की लगेच दुसऱ्या ठरावाने माझं म्हणणं इतिवृत्तात घेईल. जाताना दारात थांबून म्हणाली, "गुरुवारी चहाला येऊ ना काका?" म्हटलं, ये. सभासदाकडेही चहा असतो.

मंडळाचं काय होईल याची मला चिंता नाही. ते माझ्यावाचून चालतं हे काल डोळ्यांनी पाहिलं, आणि ते चालवणारी माणसं आपणच वाढवली, तू माझ्यापेक्षा जास्त. त्या पोरीला बोट तू दिलं होतंस.

आता माझं. विवेक, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. तुझी माणसं, तुझं गाव झालेलं हे गाव, तू शिकवायचास तो मुलांचा वर्ग, सगळं तुझ्यापासून तोडलं, आणि वर पहिल्या पत्रात तुलाच विसरायला सांगितलं. मला माफ कर, असं म्हणण्याचा हक्क बैठकीची वाट न बघता मी आजपासून घेतला आहे, म्हणून म्हणतो. तू करशील की नाही हे तू ठरव. मी सावधही करणार नाही आणि धीरही देणार नाही.

सोबत तो फॉर्म आहे. गाडी विकताना कांताने तो खणातून काढला आणि सहा वर्षं तिच्या औषधांच्या फाइलमध्ये जपून ठेवला. काल घरी आल्यावर माझ्यापुढे ठेवला. अर्जदाराच्या रकान्यात तुझी सही आहे, १२ जानेवारी २०१८ची. तिच्याखाली दुसऱ्या सहीची जागा इतकी वर्षं कोरी होती. तिथे मी सही केली आहे, आणि तारीख आजची घातली आहे.

भानुदास